तरंगंबाडीच्या समुद्रात दुभाषी

लग्नानंतरच्या दुसऱ्या फाल्गुनात आम्ही दोघं पुण्याहून कुंभकोणमला माझ्या माहेरी आलो, तेव्हा नवऱ्याच्या सामानात रीळवाली मासेमारीची काठी होती. आखातातल्या मित्राने दिलेली. धरणाच्या पाण्यात ती वापरून त्यांचं समाधान होत नव्हतं. समुद्रच हवा होता.

माझे अप्पा शाळेत चित्रकला शिकवायचे. मासे धरायचा नाद त्यांनाही होता आणि त्यांच्यामुळे मलाही. कावेरीला पाणी असेल त्या महिन्यांत आम्ही बापलेक वेळूची काठी घेऊन घाटाखाली बसायचो. समुद्रात मात्र मी कधी गेले नव्हते. अप्पांनी एका जुन्या विद्यार्थ्याला सांगून तरंगंबाडीला मोटर लावलेली एक नाव दिवसभरासाठी ठरवली.

टॅक्सीने निघून उजाडताना किनाऱ्यावर पोचलो. नावाडी पन्नाशीचा, सोबतीला त्याचा धाकटा भाऊ. मला पाहताच नावाडी तमिळमध्ये म्हणाला, "बाईमाणूस नको नावेत. तुम्ही इथेच बसा, अम्मा."

नवऱ्याला तमिळ येत नव्हतं आणि नावाड्याला तमिळखेरीज काही येत नव्हतं. मी मुद्दामच मध्ये पडले नाही; दहा मिनिटं दोघांचे हातवारे चालले. शेवटी नावाडीच कंटाळून मला म्हणाला, "बसा तुम्हीपण." मी इतकी हरखले की लाटांतून चढताना साडी गुडघ्यापर्यंत भिजली त्याचंही काही वाटलं नाही.

तासाभराने किनारा दिसेनासा झाला. नावाड्याने मोटर बंद केली. "इथे खाली खडक आहे. मासा इथेच असतो."

मी सांगितलं. नवरा म्हणाला, "इथे? अजून खोल जायला सांग. मोठा मासा खोलात असतो."

"त्यांना आणखी पुढे बघायची इच्छा आहे," मी नावाड्याला म्हटलं.

"पुढे नुसतं पाणी आहे, अम्मा."

"तो म्हणतो, पुढे अस्के पाणीच आहे."

"अस्के!" नवरा हसला. आमच्या घरच्या तंजावरी मराठीतले शब्द ऐकले की ते असेच हसायचे. "सगळं म्हण गं. आणि समुद्रात पाणी नाही तर काय असणार? चल म्हणावं."

गेलो पुढे. ऊन चढलं. तीन तास ते गळ टाकत होते, ओढत होते. गळाला काही लागत नव्हतं. "विचार त्याला, याआधी कधी कुणाला नेलंय का त्याने?" असं ते म्हणाले, की मी विचारायची, "आता कुठल्या बाजूला जायचं?" नावाडी एकदा माझ्याकडे रोखून बघत म्हणाला, "त्यांनी एवढंच विचारलं?" मी हो म्हटलं. दोन्हीकडची धार बोथट करता करता माझं डोकं भणभणायला लागलं होतं.

"मी टाकून बघू का थोडा वेळ?" मी नवऱ्याला विचारलं.

"रिळात दोरा अडकवशील. तू त्याच्याशी बोलायला हवीस ना."

नावाड्याला हे भाषांतर करून सांगायची गरज पडली नाही. त्याने लाकडाला गुंडाळलेली आपली दोरी आणि तारलीचा तुकडा लावलेला गळ माझ्या हातात दिला.

पाऊण तासाने माझ्या दोरीला हिसका बसला. नदीतल्या माशाची ओढ मला ठाऊक होती. ही तशी नव्हती. दोरी बोटांत रुतून कातडं सोलत खाली चालली. मी "लागला!" म्हणून ओरडणार तोच पलीकडे नवरा ओरडला, "लागला, लागला! नाव मागे घ्यायला सांग त्याला! लवकर!" त्यांची काठी कमानीसारखी वाकली होती.

मी मागे वळून नावाड्याला सांगितलं. वळताना माझी दोरी ढिली पडली. पुन्हा ओढून पाहिली तर हलकी. नाव मागे येईपर्यंत नवऱ्याचा दोरा मोटरीच्या पात्यात गेला आणि तुटला.

"एक शब्द वेळेवर सांगता येत नाही तुला!" ते माझ्यावर खेकसले. "आणि हा एक. सांग त्याला, तुला समुद्रातलं काही म्हणजे काही कळत नाही."

सकाळपासून मी प्रत्येक वाक्य गाळून दिलं होतं. हे नाही गाळलं. जसंच्या तसं, शब्दाला शब्द, तमिळमध्ये सांगितलं.

नावाड्याने मोटर सुरू केली आणि नाव किनाऱ्याकडे वळवली.

"हे काय? अजून अर्धा दिवस आहे! काय सांगितलंस?"

"तुम्ही सांग म्हणालात ते."

"अगं, असं सांगायचं असतं का?"

परतताना वाटेत त्यांना बोट लागली. नावेच्या कडेला वाकून ते ओकत होते. नावाड्याच्या भावाने त्यांना प्यायला पाणी दिलं. मी त्यांची पाठ चोळत होते, तरी मनातला राग जात नव्हता.

किनाऱ्याला लागल्यावर ते टॅक्सीत जाऊन आडवे झाले. मी नावाड्याकडे गेले. तो दोर गुंडाळत होता. मी म्हटलं, "मनाला लावून घेऊ नका. ते रागात बोलले."

"त्यांचं मला सकाळपासून कळत होतं, अम्मा. तोंडावरून कळतं. त्यांच्या भाषेतलं ते वाऱ्यावर गेलं असतं. तुम्ही ते मला माझ्या भाषेत कशाला सांगितलंत?"

माझा मासाही त्याच्याच दोरीवरून गेला होता, त्याबद्दल दोन शब्द बोलावेत म्हणून आले होते, ते न बोलताच मी टॅक्सीकडे वळले.

टॅक्सी सुटल्यावर नवऱ्याने डोळे मिटूनच विचारलं, "काय म्हणत होता?"

"काही नाही."

घरी आईने माशासाठी मसाला वाटून ठेवला होता. तो तिने कच्च्या केळ्यांना लावला. अप्पांनी माझी सोललेली बोटं पाहिली आणि हळद आणून दिली. "लागला होता?" त्यांनी विचारलं. मी मान डोलावली. "मोठा?" ते मला माहीत नव्हतं. मी तो पाहिलाच नव्हता.