धरणातलं बिऱ्हाड

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत, ते साठतात. फ्लॅटमध्ये राहत होतो तेव्हा वर्षाकाठी एखादा व्हायचा, लिफ्ट अडकली वगैरे. बोटीवर राहायला आल्यापासून इतके साठलेत की चहाला कोणी आलं की कुठून सुरुवात करावी तेच मला कळत नाही. आणि खरं सांगायचं तर त्यातले निम्मे मला स्वतःलाच अजून नीट समजलेले नाहीत.

तर बिऱ्हाड असं. आमचे हे ओझरला विमानाच्या कारखान्यात होते. जन्मभर उडणाऱ्या वस्तू दुरुस्त केल्या आणि रिटायर झाल्यावर तरंगणारी वस्तू विकत घेतली. गिरणारेच्या पुढे धरणाच्या बॅकवॉटरला एक रिसॉर्ट बंद पडलं होतं. त्यांची हाउसबोट काठावर गंजत पडली होती. ती ह्यांनी घेतली, ठोकली, रंगवली. दोन खोल्या, स्वयंपाकाचा ओटा, टपावर सोलर. परवानग्यांसाठी हे किती ठिकाणी फिरले ते सांगत बसले तर बाकीचं राहूनच जाईल. फ्लॅट भाड्याने दिला आणि दसऱ्याला आम्ही पाण्यावर आलो. मी शाळेत भूगोल शिकवायची. म्हटलं, आपल्याला काय अवघड आहे!

आमच्याबरोबर सासूबाई. ऐंशीला टेकलेल्या. त्यांनी बोटीत पाय ठेवायच्या आधीच सांगून टाकलं, "अक्षय्यतृतीयेपर्यंत राहून बघते. नाही जमलं तर मधूकडे जाईन. तिथे जमीन तरी जागेवर असते."

मधू म्हणजे माझे थोरले दीर. शहरात त्यांचा फ्लॅट, लिफ्ट, खालीच दवाखाना. ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं. आईशिवाय राहायची ह्यांना सवयच नाही. बोटीचा एवढा खटाटोप केला त्यातला निम्मा तर आईला दाखवायला. त्यामुळे पुढे जे जे घडलं, त्या प्रत्येक वेळी हे आधी आईंच्या तोंडाकडे बघायचे. आणि आईंच्या चेहऱ्यावरून काही कळेल तर शपथ.

* * *

पहिला घोळ वास्तुशांतीचा.

ह्यांचा चुलतभाऊ पंचवटीत यात्रेकरूंच्या पूजा सांगतो. त्यालाच बोलावलं. त्याने येताच विचारलं, "वहिनी, दार कुठल्या दिशेला?" मी म्हटलं, पूर्वेला. भूगोलाची बाई, एवढं तर सांगता येणारच. त्याने चौरंग मांडला, आम्हा दोघांना पाटावर बसवलं, संकल्प सुरू केला. तेवढ्यात वारा सुटला. बोट काठाला एकाच दोराने बांधलेली. वारा फिरला की तिचं तोंडही फिरतं. संकल्प संपेपर्यंत आम्ही दक्षिणेकडे तोंड करून बसलो होतो.

गुरुजींनी पाट फिरवले. आम्ही पुन्हा बसलो. गणपतीपूजन होईतो बोट परत वळली. पुन्हा पाट. ह्यांनी मोबाइलमधलं होकायंत्र काढलं, तर ते गुरुजींपेक्षाही गोंधळलं. शेवटी गुरुजी म्हणाले की घर फिरतं असलं तरी पूर्व काही फिरत नाही, आपण काठावर बसू. मग ज्यांच्या शेताच्या बांधाला आमची बोट बांधलेली असते त्या बाळूभाऊंच्या वावरात, टोमॅटोच्या दोन सऱ्यांमध्ये चौरंग मांडला आणि बोटीकडे अक्षता उडवून वास्तुशांत उरकली.

त्या हंगामात बाळूभाऊंचे टोमॅटो असे काही आले की आजूबाजूचे शेतकरी बघायला येत होते. आणि आमच्या बोटीचा पंप आठवड्यात बंद पडला. आईंनी ह्यांना एवढंच विचारलं, "दिलीप, शांत नक्की कशाची केली आपण?"

* * *

विम्यासाठी एका माणसाचा फोन आला होता. त्याचा पहिला प्रश्न, वाहन की घर? हे म्हणाले, घर. कितवा मजला? हे म्हणाले, धरण भरलं की वरचा. मग त्याने विचारलं, पार्किंग आहे का? ह्यांनी खिडकीतून दूरवर पसरलेल्या पाण्याकडे बघितलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "सगळं पार्किंगच आहे."

त्याने पुन्हा फोन केला नाही. विमाही अजून नाही.

* * *

संक्रांतीला मी हळदीकुंकू ठेवलं. शाळेतल्या माझ्या मैत्रिणी दोन गाड्या करून आल्या. सगळ्या काठपदराच्या साड्यांत, फळीवरून एकमेकींचा हात धरून बोटीत उतरल्या. वाण म्हणून जांभळे प्लॅस्टिकचे डबे आणले होते, ते बाहेरच्या कठड्याशी रचून ठेवले होते.

कुंकू लावून झालं, तिळगूळ झाला, आणि एकीने हळूच सांगितलं की पलीकडच्या काठावर बिबट्या पाणी पितोय. आता नाशिककरांना बिबट्याचं नवल नाही. पेपरात रोज असतो. पण हळदीकुंकवात बसल्या जागी बिबट्या म्हटल्यावर अख्खा स्टाफ एका बाजूच्या खिडकीला आला. बोट कलली. बिबट्याच्या बाजूला आम्ही, आमच्या बाजूला डबे, आणि डबे एकामागून एक पाण्यात. बिबट्याने शांतपणे पाणी पिऊन घेतलं, एकदा आमच्याकडे बघितलं आणि निघून गेला. डबेही त्याच दिशेने निघाले.

दोन दिवसांनी पलीकडच्या पाड्यावरची हिराबाई होडी वल्हवत आली. ती रोज जाळं टाकते, पण आमच्याकडे कधी आली नव्हती. तिने सांगितलं, पाड्यावर घरोघरी जांभळे डबे आलेत आणि कुणाचे ते कुणालाच ठाऊक नाही. "माय, डबं तुमचंच ना? परत आणू का?"

मी काही बोलायच्या आत आईंनी तिला वर घेतलं, कुंकू लावलं, हातावर तिळगूळ ठेवला. म्हणाल्या, वाण पोचलं ना, मग झालं. संध्याकाळी मात्र ह्यांना ऐकवलं की बोट फार कलते. ह्यांनी ते मनात लिहून घेतलं आणि आठवडाभर बोटीच्या तळाशी वाळूच्या गोण्या रचत बसले.

* * *

माझा भाऊ सटाण्याचा. कांद्याच्या व्यापारात आहे, हिशेबाला पक्का. तो एक दिवस मुक्कामाला आला आणि आंघोळीला गेला तो पाणी ओततच राहिला. टाकी संपली. ढग होते, सोलर बसलेलं, पंप चालेना. तो टॉवेल गुंडाळून, डोक्यावर साबणाचा फेस घेऊन बाहेर आला. चहूकडे नजर फिरवून म्हणाला, "आक्का, चारीमेर पानी शे, अन तुना नळले पानी नई?"

मी त्याला समजावायला गेले. बाहेरचं पाणी गाळून, पंपाने चढवून मग टाकीत येतं. साबणाचं पाणी आम्ही धरणात सोडत नाही, शहर तेच पितं, म्हणून त्याची वेगळी टाकी, आणि तीही भरलीय. समजावता समजावता माझाच गोंधळ उडाला. शेवटी हे दोन कॅन घेऊन बाळूभाऊंच्या बोअरवर गेले.

बाळूभाऊ कंबरेवर हात ठेवून बघत राहिले. "काका, आमची बोअर लय खाली गेलीय. अन् तुम्ही धरणात बसून आमच्याकडून पानी नेता? मला तं काय समजंना झालंय."

ह्यांनाही समजत नव्हतं. दोघांनी मिळून कॅन भरले.

* * *

उन्हाळा लागला तसं धरण उतरायला लागलं. पाणी मागे सरकलं की बोटही मागे घ्यावी लागते. एके दिवशी गॅसवाल्याचा फोन आला. तो पावसाळ्यानंतर आला होता त्याच जागी सिलिंडर खांद्यावर घेऊन उभा होता आणि तिथे आता काकड्या लावलेल्या होत्या. "ताई, घर बदललं का तुम्ही?" मी म्हटलं, घर तेच आहे, धरण हललंय. तो वैतागून म्हणाला, "मंग जाताना फोन करीत जा ना!"

मी सॉरी म्हटलं. आता कुठे जाताना, कुणी, ते मला अजून उमगलेलं नाही.

त्याच पंधरवड्यात कालव्याला शेतीच्या पाण्याचं आवर्तन सुटलं आणि पाणी आमच्या अंदाजापेक्षा जास्त उतरलं. सकाळी उठून चहा टाकला तर पातेल्यात चहा एका बाजूला आणि तळ दुसऱ्या बाजूला दिसत होता. बोट चिखलात बसली होती, तिरकी. देव्हाऱ्यातले सगळे देव घसरून एका कोपऱ्यात गोळा झाले होते. हे धावत आईंकडे गेले, काही लागलं का विचारायला. आई कॉटच्या उतरत्या टोकाला भिंतीला पाठ लावून निवांत जप करत होत्या. "देव केव्हाच सरकून बसलेत," त्या म्हणाल्या, "तुम्हालाच उशिरा कळलं."

बाळूभाऊंच्या ट्रॅक्टरने बोट काठाकाठाने खोल पाण्याकडे ओढली. रस्त्यावरून जाणारे लोक मोटारसायकली थांबवून बघत होते. एकाने विचारलं, नांगरट चाललीय का? बाळूभाऊ म्हणाले, व्हय.

त्या दिवशी हे जेवले नाहीत. मला म्हणाले, संपलं, आई आता राहत नाही. आईंनी तोवर प्रत्येक गोष्टीला नावं ठेवली होती. पाण्याचा वास येतो, बगळे घाण करतात, शेजार म्हणून नाही. मीही धरून चालले होते. आणि खरं सांगते, मला वाईट वाटलं. सासू जाणार म्हणून वाईट वाटावं याचंच आधी मला आश्चर्य वाटलं आणि मग नुसतंच वाईट वाटत राहिलं.

* * *

अक्षय्यतृतीयेला सकाळीच मधूभाऊजी गाडी घेऊन आले. आईंनी आदल्या दिवशीच आपली ट्रंक भरून कुलूप लावून ठेवली होती. स्वतः भरली, मला हातही लावू दिला नाही. ठेवणीतली साडी नेसून, पर्स मांडीवर घेऊन त्या बोटीच्या टोकाला खुर्ची टाकून बसल्या. बाजूलाच दोराची गाठ.

ह्यांनी आणि भाऊजींनी ट्रंक उचलली. दोघा भावांना ती पेलवेना. फळीवरून कशीबशी काठावर नेली, उताराने वर नेऊन गाडीच्या डिकीत घातली. हे डिकी लावून तिथेच पाठमोरे उभे राहिले. नाक पुसत होते, लांबूनही कळत होतं. मी आईंच्या गोळ्यांचा डबा आणायला आत गेले.

बाहेर आले तर फळी पाण्यात पडली होती. काठ चार हात लांब होता, मग आठ हात. दोर काठावरच्या खुंटाला तसाच होता, त्याचं दुसरं टोक पाण्यात.

हे काठावर धावत आले. "दोर कोणी सोडला?"

मी आईंकडे बघितलं. आई समोर पाण्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "माझ्याकडे काय बघतेस? मला साधं बरणीचं झाकण उघडत नाही."

ते खरंच आहे. त्यांच्या बोटांचे सांधे धरलेत, डबे मीच उघडून देते. आणि ह्यांची गाठ म्हणजे कारखान्यातली, सुटायला मलाच पकड लागते. पकड कुठे असते म्हणून बघायला गेले तर ती जागेवर नव्हती.

भाऊजी काठावरून हाका मारत होते, आई, चल. आईंनी तिथूनच सांगितलं, "कशी येऊ? मध्ये पाणी आहे." इंजिन मला चालू करता येत नाही. बाळूभाऊ आपली होडी घेऊन पलीकडच्या काठाला बाजारात गेलेले. बोट हळूहळू धरणाच्या मध्यावर गेली. भाऊजींनी तास-दीड तास वाट बघितली, पण घरी पाहुणे आमरसाला येणार होते. शेवटी ते निघाले. आईंनी हात हलवला आणि मला विचारलं, "आंबे पिकलेत का बघ. आपलं जेवण व्हायचंय."

संध्याकाळी वारा फिरला आणि बोट आपण होऊन काठाला लागली. हे काठावरचा दोर घेऊन उडी मारून आत आले. दोराचं सुटलेलं टोक हातात घेऊन उलटसुलट करून बघत बसले.

तेवढ्यात भाऊजींचा फोन आला. त्यांनी कुलूप तोडून ट्रंक उघडली होती. आवाज पार गोंधळलेला. आईच्या साड्या कुठे आहेत, विचारत होते. ट्रंकेत एकही साडी नव्हती. ह्यांचे जुने नटबोल्ट होते, तुटका तवा, रद्दी, रिकाम्या बरण्या आणि वाळूच्या दोन गोण्या.

मी फोन हातात धरूनच आईंना विचारलं. त्यांनी ताटातला आमरस बोटाने निपटून घेतला.

"बोटीत अडगळ फार झाली होती."