वास कंपनीचा नव्हता

सोमवारी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी रोह्यातल्या आमच्या डॉक्टरांनी मनवाच्या नाकात टॉर्च मारला आणि उजव्या नाकपुडीत फॉरेन बॉडी असल्याचं सांगितलं. फॉरेन बॉडी म्हणजे बाहेरून आत गेलेली, तिथे नसायला हवी अशी कोणतीही वस्तू. मनवा माझी मुलगी, वय साडेतीन वर्षं. वस्तू नेमकी कोणती, ते डॉक्टरांना दिसलं नाही. तोपर्यंत मनवा त्यांच्या अंगठ्याला चावली होती.

"कधीपासून आहे हे?" अंगठा धुता धुता त्यांनी विचारलं.

"वास बुधवारपासून येतोय."

"मग पाच दिवस काय करत होतात?"

त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून हे लिहिते आहे. घरात लहान मूल असलेल्या कोणावरही ही वेळ येऊ शकते. रोह्यात राहणाऱ्यांवर जरा जास्त.

आमचं घर अष्टमीत, पुलाच्या अलीकडे. घरात पाच माणसं: मी, माझा नवरा संदीप, सासूबाई, सहा वर्षांचा ओम आणि मनवा. संदीप रोह्याच्या केमिकल कंपनीत शिफ्टमध्ये काम करतो. आमच्याकडे वास आला की तो कुठून आला, असं कोणी विचारत नाही.

बुधवारी संध्याकाळी वास आला. कुजका, थोडा गोडसर. सासूबाई म्हणाल्या, "आज लवकर सोडलान कंपनीने," आणि त्यांनी खिडक्या लावून घेतल्या. खिडक्या लावल्यावर वास वाढला. त्याचा अर्थ कोणी लावला नाही.

गुरुवारी संशय संदीपच्या कपड्यांवर गेला. युनिफॉर्म तीनदा धुतला. त्याला मागच्या दाराने घरात घ्यायचं ठरलं. आधी आंघोळ, मग चहा.

"आई, मी पॅकिंगला हाय. तिथे खोके असतात. खोक्याला वास येतो काय?"

"तुझं नाक मेलंय रे कामावर जाऊन. तुला काय कळणार?"

शुक्रवारी सुकटीची बरणी गच्चीवर गेली. शनिवारी मोरीत फिनेलची अख्खी बाटली ओतली. मनवा या सगळ्या कामांत हजर होती. प्रत्येक ठिकाणी वास येत असल्याचं आम्हाला आढळलं.

त्याच आठवड्यात दुसरी एक तक्रार आली होती. ओमच्या बाईंनी वहीत लिहून पाठवलं, "हाक मारल्यावर लक्ष देत नाही." घरीही तेच चाललं होतं. संदीपने त्याला दम दिला, मी टीव्ही बंद केला आणि सासूबाईंनी कानात कोमट खोबरेल तेल घातलं. ही तक्रार आम्ही वेगळी हाताळली.

रविवारी कासूला गेलो. सासूबाईंचे भाऊ, मामा, तिथे शेती करतात. भात निघालं की त्याच जमिनीत वाल. शेंगा भरल्या की पोपटीला बोलावणं येतं. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, मडकं उपडं करून भोवती जाळ. जाळाच्या कडेला आम्ही बसलो होतो. वास आला.

मामांनी संदीपकडे पाहिलं. "काय रे भाच्या, कंपनी सोबत घेऊन आलास काय?"

"मामा, नवा शर्ट हाय. घडी आज मोडलीय."

"मग बूट बघ."

संदीपने बूट काढून मामांच्या हातात दिले. मामांनी हुंगले आणि परत दिले. बुटांचा होता तो वेगळा होता.

मनवा माझ्या खांद्यावर झोपली होती. बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं की वास थांबून थांबून येतोय. तिचा श्वास बाहेर पडला की येत होता, आत गेला की थांबत होता. मी तिचा चेहरा उजेडाकडे केला. उजव्या नाकपुडीतून घट्ट, हिरवट शेंबूड. डावी कोरडी.

संदीपची त्या वेळी माफी मागितली गेली नाही.

आता पुन्हा सोमवार. रोह्याच्या डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या, त्या लहान मुलांच्या आईवडिलांनी लक्षात ठेवाव्यात. सर्दी बहुतेक दोन्ही नाकपुड्यांतून वाहते. एकाच बाजूने घाण वासाचा शेंबूड येत असेल, तर आत काहीतरी अडकलंय असं धरून तपासून घ्यायचं. दुसरी गोष्ट बटन सेलची. खेळण्यांत आणि घड्याळात असतो तो चपटा, चकचकीत सेल. तो नाकात असेल तर आतली त्वचा जळत जाते, तासभरही थांबायचं नसतं.

"घरातले सेल मोजायला सांगा. आणि काहीही निघालं तरी आजच पेणला जा. तिथे कान-नाक-घशाच्या डॉक्टर आहेत. नाकात पिन, चिमटा, काडी, काही घालू नका."

मी संदीपला फोन केला. तो रात्रपाळी करून नुकताच झोपला होता. पंधरा मिनिटांनी त्याचा फोन आला.

"थर्मामीटरमधे एक हाय. तुझ्या घड्याळात एक. खेळण्यातल्या बदकात दोन. सगळे जागेवर हायत."

"नक्की?"

"नक्की. पन बदक गातंय आता, बंद होत नाय."

ते ऐकू येत होतं.

शेजाऱ्यांच्या व्हॅनमधून मी, सासूबाई आणि मनवा पेणला निघालो. वाटेत सासूबाईंनी चौकशी चालवली.

"नाकात काय घातलंस गो बाय?"

"काय नाय."

"मणी?"

"नाय."

"खडू? बटन? चिंचोका?"

"नाय, नाय, नाय."

नागोठणे येईपर्यंत अकरा वस्तू नाकारून झाल्या होत्या. त्यानंतर मनवाने बिस्किट मागितलं.

दवाखान्यात पोचलो तेव्हा अकरा दहा झाले होते. आमचा नंबर चौदा, आत सहावा. आम्ही बाकावर बसलो. शेजारच्या बाई उठून पंख्याखाली गेल्या. मग त्यांच्या शेजारचे गृहस्थ उठले. कानात कापूस घातलेले एक आजोबा तेवढे बसून राहिले. त्यांनी विचारलं, "रोह्याचे काय तुम्ही?"

"व्हय," सासूबाई म्हणाल्या. "पन वास कंपनीचा नाय. आमचाच हाय."

पाच दिवसांतलं हे पहिलं अचूक विधान होतं. काउंटरवरच्या मुलीने नाकाला रुमाल लावला आणि आम्हाला सातव्या नंबरला आत सोडलं. नंबर सोडणाऱ्या सगळ्यांचे आभार, कारण कोणताही असो.

डॉक्टर बाईंनी कपाळावरचा दिवा लावला. नेझल स्पेक्युलम नावाच्या चिमट्यासारख्या साधनाने नाकपुडी थोडी रुंद करून त्यांनी आत पाहिलं. चार-पाच सेकंदं.

"बी आहे. कडधान्य दिसतंय. भिजून फुगलंय आणि बरंच मागे आहे."

सेल नव्हता. मी खुर्चीत टेकले. डॉक्टर म्हणाल्या, अजून टेकू नका.

फुगलेलं बी गुळगुळीत असतं. चिमट्याने धरायला जावं तर ते आणखी मागे सरकू शकतं, आणि मूल रडताना जोरात श्वास घेतं तेव्हा मागचं बी श्वासनलिकेत उतरू शकतं. ते सगळ्यात वाईट. म्हणून आधी 'मदर्स किस' करून पाहायचं. म्हणजे आईने मुलाच्या तोंडावर तोंड घट्ट ठेवून एकच जोराची फुंकर मारायची. मोकळी नाकपुडी डॉक्टर बोटाने बंद ठेवतात. तोंडात गेलेली हवा घशामागून नाकात चढते आणि अडकलेली वस्तू पुढे ढकलते. हे डॉक्टरांसमोरच करायचं असतं.

"तीन वेळा करू. नाही निघालं तर पनवेलला. तिथे जनरल ॲनेस्थेशिया देऊन काढतील." जनरल ॲनेस्थेशिया म्हणजे पूर्ण भूल. "तोपर्यंत पोटात काही द्यायचं नाही."

सासूबाईंनी बिस्किटचा पुडा पिशवीत परत ठेवला. ते पाहून मनवाला प्रकरण गंभीर असल्याचं कळलं आणि तिने गळा काढला.

तिला टेबलावर झोपवलं. आई पापा घेणार आहे, असं सांगितलं. मला तिच्या गळ्याजवळची शीर उडताना दिसत होती. पनवेल, भूल, ही शीर, याच क्रमाने मी विचार करत होते.

पहिल्या वेळी मनवाला गुदगुल्या झाल्या. तिने तोंड फिरवलं. हवा माझ्या आणि तिच्या गालांमधून निघून गेली.

दुसऱ्या वेळी मी फुंकर मारली आणि तिला तो खेळ वाटला. तिने उलट फुंकर मारली. माझे कान बंद झाले.

"आई, तुम्ही फार हळू फुंकताय," डॉक्टर म्हणाल्या. "तिला काही होणार नाही. एकदाच, पूर्ण ताकदीने. ही शेवटची."

कोपऱ्यातून सासूबाई ओरडल्या, "चूल विझायला आल्यासारखी फुंक गो! दारात पाहुणे आलेत आनि चूल विझतेय!"

मी फुंकलं.

अकरा वाजून त्रेपन्न मिनिटांनी ती वस्तू माझ्या डाव्या गालावर आपटून फरशीवर पडली. डॉक्टरांनी ती चिमट्याने उचलून गॉजच्या तुकड्यावर ठेवली. तो वाल होता. सालीसकट, फुगून नेहमीच्या दुप्पट झालेला. दुर्गंधीबद्दल आता शंका उरली नव्हती.

मनवा उठून बसली. रडणं थांबवून तिने वालाकडे वाकून पाहिलं.

"मोड आले?"

डॉक्टरांनी दिवा जवळ घेतला.

"आलेत," त्या म्हणाल्या. "अर्धा सेंटिमीटर."

मग सासूबाईंनी, भिंतीकडे बघत, माहिती दिली. वास सुरू व्हायच्या आधीच्या शनिवारी संध्याकाळी त्या बिरड्यासाठी भिजवलेले वाल फडक्यात बांधत होत्या. मनवाने विचारलं, बांधतेस कशाला? त्यांनी सांगितलं की ऊब आणि काळोख मिळाला की वालाला मोड येतात. पुढे बिरडं झालं, सगळ्यांनी खाल्लं. वाल कमी पडल्याचं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"नाकात काळोख हाय," मनवाने खुलासा केला.

डॉक्टरांनी दुसरी नाकपुडी आणि दोन्ही कान तपासले. रिकामे होते. तरी जाता जाता त्यांनी विचारलं, "बाळा, आणखी कुठे ठेवलाय का वाल?"

"दादाच्या कानात."

"कधी?"

"तो झोपलावता तेवा."

मी संदीपला फोन केला. पलीकडे बदक गात होतं. ओम शाळेतून आला की टॉर्च घेऊन त्याच्या कानात बघ, एवढंच सांगितलं. पाऊण तासाने फोन करून संदीप म्हणाला, "डाव्यात काहीतरी हाय. तपकिरी."

डॉक्टरांनी फोन माझ्या हातातून घेतला. "हात लावू नका. पाणी नको, तेल नको. घेऊन या."

सव्वादोन वाजता संदीप मोटारसायकलवरून ओमला घेऊन पेणला पोचला. दवाखान्याची जेवणाची सुट्टी झाली होती. डॉक्टर थांबल्या होत्या, डबा न उघडता. त्याबद्दल त्यांचे आभार मी समोरही मानले, इथेही मानते.

त्यांनी ओटोस्कोप, म्हणजे कानात बघायचा छोटा दिवा, लावून पाहिलं. कानातला मळ काढायला पाणी मारतात, पण कडधान्याला ते चालत नाही, ते फुगतं. म्हणून बारीक आकडीने काढायचं ठरलं.

"कान चिकट लागतोय. तेल घातलं होतं?"

सासूबाई भिंतीवरचं कानाचं चित्र वाचत होत्या.

"कोमट होतं," त्या म्हणाल्या.

ओम अजिबात हलला नाही. चार मिनिटांत वाल बाहेर आला. पडदा शाबूत होता. डॉक्टरांनी हा वालही गॉजवर ठेवला, पहिल्याच्या शेजारी. मनवाने दोन्ही बघितले.

"दादाचा नाय आला. माझा आला."

इतका वेळ गप्प बसलेला ओम तेव्हा रडला.

मनवाला पाच दिवस नाकात टाकायचे थेंब दिले. बिस्किट द्यायला परवानगी मिळाली. परतताना संदीपने विचारलं, आता युनिफॉर्म घरात वाळत घालू का? घालू दिला. सासूबाईंनी त्या संध्याकाळी त्याला पुढच्या दाराने आत घेतलं आणि आंघोळीआधी चहा दिला. माफीचं आमच्या घरातलं हे स्वरूप आहे. सुकटीची बरणी खाली आली. वालाचं फडकं आता अशा खुंटीला टांगलेलं असतं की ते काढायला मलासुद्धा स्टूल लागतं. मुलांनी कारण विचारलं तर, वर हवा चांगली असते, असं सांगायचं ठरलं आहे. ऊब आणि काळोख हे शब्द वापरायचे नाहीत.

गुरुवारी दोघांना पुन्हा दाखवायला नेलं. मनवाचं नाक स्वच्छ होतं. ओमची ऑडिओमेट्री झाली. ऑडिओमेट्री म्हणजे हेडफोन लावून वेगवेगळे आवाज ऐकवतात आणि ऐकू आलं की मुलाने बटण दाबायचं असतं. त्याने एकही आवाज सोडला नाही. दोन्ही कानांनी ऐकू उत्तम येतं, असं डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं. त्याची झेरॉक्स मी शाळेत बाईंना दिली.

त्याच संध्याकाळी साडेसात वाजता मी ओमला जेवायला चार हाका मारल्या. तो शेजारच्या खोलीत होता, दार उघडं होतं.

तो आला नाही.