येळवशीच्या दिवशीचा तास

मुखेडात उमादेवीला 'टेन्सवाल्या बाई' म्हणतात. हे नाव पोरांनी चिकटवलं आणि ते काही आता निघत नाही. घराच्या पुढच्या खोलीत रोज संध्याकाळी वीस-पंचवीस पोरं सतरंजीवर बसतात आणि बाई त्यांच्याकडून इंग्रजीचे काळ घटवून घेतात. भिंतीवर बारा चौकोनांचा एक तक्ता लावलेला आहे, पण तो खरं तर पालकांसाठी. भिंतीवर काहीतरी छापील दिसलं की पालकांना शिकवणी भारी वाटते.

पोरांसाठी बाईंचा कायदा एकच, वाक्य खरं पाहिजे. राम आंबा खातो, हे तिच्याकडे चालत नाही. कोण राम, कुठला आंबा? तुझ्या घरी आज काय झालं ते सांग. मग कुणाची म्हैस व्यायलेली असते, कुणाचा मामा नायगावहून येणार असतो, कुणाची आई सकाळपासून सोयाबीन निवडत असते, आणि बघता बघता तिन्ही काळ सतरंजीवर हजर होतात. पुस्तकातलं 'करीत आहे' पोरांच्या गळी उतरलं नाही की ती म्हणते, आपण काय म्हणतो? म्हैस चरून राहिली. बस, तेच इज ग्रेझिंग. एवढ्यावर पोरांचं निम्मं भय पळतं.

पण घरची शिकवणी वेगळी आणि शाळेतली बाई होणं वेगळं. उमादेवीला शाळा हवी होती. लग्नानंतर संसार सांभाळून ती बी.ए. झाली, मग दोन शाळांची दारं वाजवून आली. एकीनं उच्चार गावठी आहेत असं तोंडावर सांगितलं. दुसरीनं कळवतो म्हटलं आणि अजून कळवलेलं नाही. त्यामुळे गावाबाहेर नवी इंग्रजी शाळा निघाली आणि तिथून नमुना तासासाठी बोलावणं आलं, तेव्हा तिनं मनाशी ठरवून टाकलं की हे शेवटचं. यावेळी नाही जमलं तर पुन्हा शाळेचं नाव काढायचं नाही.

तिनं तारीख कॅलेंडरवर ताडून बघितली. त्या दिवशी येळवस होती, म्हणजे वेळा अमावस्या. ज्यानं ती बघितली नाही त्याला सांगून पटायचं नाही, पण त्या दिवशी लातूरपासून इकडे मुखेडपर्यंत गावंच्या गावं उठून शेतात जेवायला जातात आणि बाजारात कुत्रंसुद्धा दिसत नाही. शाळेच्या मुख्याध्यापिका नाशिकच्या, दिवाळीनंतर आलेल्या. त्यांना काय ठाऊक? उमादेवीनं एक फोन करून सांगायचं होतं. पण तारीख बदला म्हटलं तर आपल्यालाच वगळतील, या भीतीनं ती गप्प बसली. चूक तिचीच, आणि ती तिला कबूल आहे.

येळवशीच्या पहाटे सासूबरोबर तिनं बाजरीचे उंडे वळले, पातेलंभर डाळी-भाज्यांची भज्जी रटरटवली. नवरा सिद्धेश्वर आणि सासू शिवम्मा आंबिलीचं मडकं घेऊन शेताकडे गेले, आणि ही इस्त्रीची साडी नेसून दहाला शाळेत हजर. शाळेत एक पोर नाही. वॉचमनसुद्धा पसार. मुख्याध्यापिका एकट्याच व्हरांड्यात फोन घेऊन उभ्या होत्या. त्यांनी चार पालकांना फोन लावले होते आणि चौघांनीही त्यांना शेतात जेवायला बोलावलं होतं.

त्या वैतागल्या होत्या, पण सभ्य बाई. रिकाम्या वर्गातच शिकवून दाखवा म्हणाल्या. उमादेवीनं फळ्यावर तारीख लिहिली, वळून पाहिलं, तर समोर नुसते मोकळे बाक. आता हे हातचं गेलं, हे तिला स्पष्ट दिसलं. तिनं खडू खाली ठेवला.

"मॅडम, रिकाम्या बाकांना शिकवायला मला येत न्हाई. पोरं शेतात हायत, तिथं चला. आणि आज तुम्ही उपाशी राहिलात तर आमची सासू मला घरात घेणार न्हाई."

मॅडमच्या स्कुटीवर मागं बसून उमादेवी शेतात पोचली. कडब्याच्या खोपीपुढं शिवम्मानं पाहुणीला आधी आंबील पाजली, मग भज्जीत उंडा कुस्करून दिला, आणि काही विचारायची संधीच दिली नाही. तोवर पाहुणी आली म्हणून आजूबाजूच्या शेतांतली पोरं गोळा झाली. उमादेवीनं फळा-खडू नसताना सुरू केलं. काल काय झालं? आंबील झाली. आत्ता काय चाललंय? मॅडम भज्जी खाऊन राहिल्या. हे सांगताना पोरं एवढी हसली की मॅडमचा घास हातात राहिला.

त्या पोरांत नव्या शाळेतली सहावीची अंजू होती. वर्गात ती तोंड उघडत नाही, हे मॅडमना माहीत होतं. त्यांनी मुद्दाम तिलाच इंग्रजीतून विचारलं, संध्याकाळी काय करणार? अंजूनं एकदा उमादेवीकडे पाहिलं आणि सांगितलं की वी विल बर्न द हेंडगा अँड रन. हेंडगा म्हणजे काय, हे मॅडमना कळेना. तेव्हा पेटवलेली गवताची पेंडी घेऊन शेताभोवती कसं पळतात, ते अंजूनं पळून दाखवलं, आणि गेल्या वर्षी भावाची चप्पल कशी जळाली तेही अडखळत, चुकत, पण इंग्रजीतूनच सांगितलं. कुणी तिला टोकलं नाही. शेवटी उमादेवीनं तिचंच वाक्य नीट करून तिच्याकडून एकदा म्हणवून घेतलं.

मॅडमनी हात धुतले. म्हणाल्या, "माझ्या शाळेत ही मुलगी मी आल्यापासून गप्प आहे. तुम्ही सोमवारपासून या."

तासभर इंग्रजी बोललेल्या उमादेवीला आता मराठीही सुचेना. मडक्यावर झाकण ठेवता ठेवता शिवम्मानं वर न बघताच म्हटलं, "हाव म्हण की, पोरी. मागं दोन डाव पदर तोंडात धरून रडलीस. आता तरी बोल."

ते रडणं घरात कुणालाच ऐकू गेलं नाही, असं उमादेवीला इतके दिवस वाटत होतं. ती सासूशेजारी खाली बसली, तिचा ओला हात हातात घेतला आणि मॅडमकडे बघून हाव म्हणाली.