गॉलवेतलं बाजूचं टेबल

डब्लिनच्या विमानतळाबाहेर पाऊल टाकलं आणि वाऱ्याने पहिल्याच सपाट्यात माझी माकडटोपी उडवली. वर्ध्याहून निघताना "थंडी काय आम्ही पाहिली नाही?" असं मी चारचौघांत म्हणालो होतो. टोपीमागे धावून परत आलो तेव्हा सुनंदा, म्हणजे माझी पत्नी, शालीत तोंड लपवून हसत होती.

गॉलवेची बस तिथूनच सुटते. अडीच-तीन तासांचा रस्ता. जानेवारीचा शेवट असूनही दोन्ही बाजूंना हिरवंगार, आणि त्या हिरव्यात चुना-सिमेंट न लावता नुसते दगडावर दगड रचलेले बुटके बांध. मेंढ्यांच्या पाठीवर निळ्या रंगाचे ठिपके होते. सुनंदाने विचारलं, "रंगपंचमी खेळतात का हो?" शेजारच्या बाईंनी सांगितलं की कोणाची मेंढी कोणती, हे ओळखायला लावतात. शेतकरी सगळीकडचा शहाणाच, असं मला वाटलं.

स्थानकावर आमची मुलगी मंजिरी, जावई निखिल आणि आठ वर्षांची नात इरा उभी होती. निखिल हृदयाच्या नळीत बसवायचे स्टेंट बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनीअर आहे. इराला मराठी सगळं कळतं, पण उत्तर येतं ते थेट गॉलवेच्या इंग्रजीत. "शाळा कशी आहे गं?" म्हटलं की "ग्रँड, आजोबा!" (म्हणजे छान चाललंय). पाऊस ग्रँड, भाजी ग्रँड, मी ग्रँड. तीन दिवसांत मलाही सवय लागली.

एकच गोष्ट ग्रँड नव्हती, आणि ती दुसऱ्या दिवशी जेवताना कळली. पुढच्या आठवड्यात शाळेत 'आजी-आजोबा दिन' होता. शाळा सरकारी पैशावर चालते, पण इथल्या बहुतेक प्राथमिक शाळांसारखी तीही कॅथलिक चर्चच्या छत्राखाली आहे. इराच्या वर्गातली मुलं यंदा कम्युनियनची (चर्चमध्ये पहिल्यांदा पवित्र प्रसाद घेण्याच्या विधीची) तयारी करतात. तो तास सुरू झाला की ज्यांना तो विधी करायचा नाही, ती मुलं मागच्या टेबलावर जाऊन चित्रं रंगवतात. आजी-आजोबा दिनाला प्रार्थना आणि गाणी असणार, म्हणून त्याही दिवशी इरासाठी बाजूला टेबल आणि रंगाचे खडू.

"आय डोन्ट वॉन्ट टू कलर," इरा वरणाकडे बघत म्हणाली.

मंजिरी हळूच मला म्हणाली, "बाबा, शाळेतले लोक खरंच खूप चांगले आहेत. उगाच कशाला विषय काढायचा? शेवटी आपण बाहेरचे." मी मान डोलावली. तीस वर्षं नगरपरिषदेत कार्यालय अधीक्षक म्हणून काढली आहेत. विषय न काढण्यात माझा हात धरणारा जिल्ह्यात नव्हता.

रविवारी सॉल्टहिलला गेलो. समुद्राकाठाने दीड-दोन मैलांचा फरसबंद रस्ता आहे, आणि ऊन पडलं की अख्खं गॉलवे तिथे चालायला येतं. आमच्यासोबत इराची जिवलग मैत्रीण मॉली होती, आणि तिचे अमेरिकेहून आलेले आजी-आजोबा, कॅरल आणि वॉल्टर. वॉल्टर म्हणजे सहा फूट उंच, लाल गालांचा, समोरून येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याची विचारपूस करणारा माणूस. तिकडच्या एका लहान गावात तो बारा वर्षं नगरपरिषदेचा अध्यक्ष होता, हे कळल्यावर आमची गट्टी जमायला किती वेळ लागणार? नळजोडणी, कुत्र्यांचा बंदोबस्त, फुटके रस्ते. माझं इंग्रजी मोडकं, पण फुटक्या रस्त्यांना भाषा लागत नाही.

रस्त्याच्या टोकाला एक भिंत आहे. तिथे पोचलेला प्रत्येक माणूस तिला एक लाथ मारतो आणि परत फिरतो. म्हातारे, बाबागाडी ढकलणाऱ्या आया, सगळे.

"काहून मारून रायले हे लोक भिंतीले लाथा?" सुनंदा आश्चर्य वाटलं की वऱ्हाडीवर येते.

मी एका आजोबांना विचारलं. ते म्हणाले, "सगळे मारतात म्हणून!" आणि त्यांनी आणखी एक मारली. मग आम्हीही मारली. सुनंदाने आधी भिंतीला नमस्कार केला.

परतताना वॉल्टर म्हणाला, "आमच्या सभेची अशीच एक भिंत होती. सगळे मारतात म्हणून मारायची." त्यांच्याकडे नगरपरिषदेची प्रत्येक सभा प्रार्थनेने सुरू व्हायची. गावातला कोणी पाद्री येई, सगळे उभे राहत, डोळे मिटत. "तुमच्याकडे सरकार आणि धर्म वेगळे ना?" मी विचारलं. तो हसला. सरकारी शाळेत मास्तराने मुलांकडून प्रार्थना म्हणवून घ्यायला कोर्टाची मनाई आहे, पण परिषदेच्या सभेआधी प्रार्थना चालते. नोटांवर देवाचं नाव आहे. निवडणुकीला उभं राहायचं तर आपण कुठल्या चर्चला जातो हे न सांगून भागत नाही. इकडची कम्युनियनची तयारी करून घेणारी सरकारी खर्चाची शाळा पाहून तो चक्रावलाच होता. "आमच्याकडे यावर चार वकिलांची घरं बांधून झाली असती," तो म्हणाला.

एका वर्षी एक नवीन सदस्या निवडून आली. प्रार्थना होईपर्यंत ती बाहेर व्हरांड्यात उभी राहायची, मग शांतपणे आत येऊन बसायची. तक्रार कधीच केली नाही. "दोन वर्षं मी तिला काचेतून बघत होतो. एक दिवस जाऊन विचारलं, तुला काय हवंय? ती म्हणाली, हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं." त्यानंतर वॉल्टरने सभेची सुरुवात मिनिटभराच्या शांततेने केली. ज्याला प्रार्थना करायची त्याने मनात करावी. "मी आजही रोज प्रार्थना करतो. माझी श्रद्धा तसूभरही कमी झाली नाही. पण पुढच्या निवडणुकीत पडलो."

"मीसुद्धा याला मत दिलं नाही," कॅरल शांतपणे म्हणाली. "मला ती प्रार्थना आवडायची. सगळं गाव एकदा मान खाली घालायचं." वॉल्टर इतक्या जोरात हसला की समुद्रपक्षी उडाले. नवराबायकोचं हे भांडण जुनं आणि मुरलेलं दिसत होतं.

मागच्या टेबलाबद्दल त्याला मॉलीकडून कळलं होतं. मग तो गुडघ्यावर बसला आणि त्याने इराला विचारलं, "आणि तुला गं काय हवंय?"

इराने जराही विचार केला नाही. तिला प्रार्थना म्हणायची नव्हती. तिला मॉलीशेजारी उभं राहायचं होतं आणि काहीतरी काम हवं होतं. कोणतंही.

मला एकदम सॅम्युएल गायकवाड आठवले. आमच्या कार्यालयात दर श्रावणात सत्यनारायण व्हायचा. सरकारी कचेरीत, साहेबांच्या केबिनबाहेर, चौरंग मांडून. आयोजक मी. सगळे पूजेला बसले की आवक-जावकचं टेबल कोण सांभाळणार? आमचा एकमेव ख्रिस्ती सहकारी. "गायकवाड आहेत ना!" हे मी एकोणीस वर्षं म्हणालो. शिरा मात्र आठवणीने पाठवायचो आणि स्वतःवर खूष असायचो. त्या वाऱ्यात माझे कान तापले. लाज वाटली, सरळ सांगतो.

घरी येताच मंजिरीला म्हणालो, "विषय काढ." तिने शिक्षिकेला पत्र लिहिलं, चार वेळा खोडून. उत्तर सकाळीच आलं: हे आधी का नाही सांगितलंत? पाहुण्यांचं स्वागत करायला मला कोणीतरी हवंच होतं!

आजी-आजोबा दिनाला शाळेच्या दारातच आमची फजिती झाली. सुनंदाने पहाटे उठून सगळ्यांसाठी रव्याचे लाडू वळले होते, प्रत्येकावर एक काजू. कार्यालयातल्या बाईंनी डबा प्रेमाने काढून घेतला. काही मुलांना त्यांची अ‍ॅलर्जी असते, अगदी जिवावर बेतू शकतं, म्हणून शाळेत काजू-शेंगदाण्यांना बंदी. मंजिरीने कपाळाला हात लावला.

सभागृहात शंभरेक आजी-आजोबा. इरा मंचावर मॉलीच्या शेजारी उभी. तिने आधी आयरिश भाषेत स्वागत केलं, मग इंग्रजीत, आणि मग माझ्याकडे बघून गॉलवेच्या हेलात, पण स्वच्छ मराठीत म्हणाली, "या, बसा. चहा घेतल्याशिवाय जायचं नाही." सुनंदा रडली. मी रडलो नाही असं म्हणणार होतो, पण कॅरलने मला रुमाल दिला होता, तेव्हा उपयोग नाही. प्रार्थना सुरू झाली तेव्हा इरा खाली उतरून आमच्यामध्ये येऊन बसली. मॉलीने तिकडून हात हलवला. कॅरलने डोळे मिटले होते, चेहऱ्यावर खूप समाधान होतं. बाजूचं टेबल होतं तिथेच. त्यावर आता चहाचे कप मांडले होते.

लाडू नंतर वॉल्टरने गाडीत बसून संपवले. सात.

वर्ध्याला परतल्यावर जेट लॅग उतरायची वाट न पाहता गायकवाडांकडे गेलो. आयरिश बिस्किटांचा डबा पुढे केला आणि विचारलं, "त्या पूजेच्या वेळी तुम्हाला काय वाटायचं हो?"

गायकवाडांनी चष्मा पुसला.

"पूजेला मी बसलोच नसतो, देशकर," ते म्हणाले. "तुम्ही बोलावलं असतं तर नाहीच म्हणालो असतो."

"मग?"

"मग काय? नाही म्हणायला मिळालं असतं."

मी मान खाली घातली. ते मात्र हसायला लागले, आणि आत वळून बायकोला म्हणाले, "अगं, चहा टाक! आणि शिरा कर. एकदा तरी गरम खाऊ दे मला यांच्याबरोबर बसून."