दहाव्या टिळ्याची गोष्ट

चिमूटभर कुंकवाने अख्खी शाळा बुडवायची वेळ माझ्यावर आयुष्यात एकदाच आली.

साल २०१४ असावं. वरून फर्मान सुटलं की जुनी विंडोज आता बंद, चांगल्या कॉम्प्युटरवर नवी टाका आणि म्हातारे कॉम्प्युटर भंगारात काढा. सालेकशाजवळच्या आमच्या शाळेत हे काम माझ्या गळ्यात पडलं. कारण काय, तर न थांबणारा प्रिंटर मी एकदा थांबवून दाखवला होता (वायर उपटून). लॅबमध्ये दहा कॉम्प्युटर. सहा काढायचे, चार ठेवायचे. ठेवायच्या चारांतल्या सात नंबरात दहावीच्या अडतीस पोरांचे बोर्डाचे फॉर्म मी पंधरा दिवस मान मोडून भरून ठेवले होते. पाठवायची मुदत दसऱ्यानंतरच्या दुसऱ्या शनिवारपर्यंत. त्या अडतिसांत माझी लेक चेतनाही होती. आता तुम्ही विचाराल, बॅकअप घेतला होता का? घेतला होता ना. शेजारच्या आठ नंबरात.

गोंदियाहून सलीमभाई आले. ते कॉम्प्युटर दुरुस्त करणारे, बोलणं मोजकं.

"सर, जो निकालने हैं उनपे निशान लगा दो. इतवार को आके अंदर का सब साफ करूंगा, और सीधे भंगार."

"कौनसा निशान?"

"कोई भी. बस दूर से दिखना."

शाळेतला मार्कर वाळलेला होता. खडू घेतला तर पांढऱ्या डब्यावर पांढरी रेघ, मलाच दिसेना. दोन दिवस मी नुसता येरझारा घालत होतो. तेवढ्यात खंडेनवमी आली. त्या दिवशी घरी नांगर-विळे पुजायचे आणि शाळेत कॉम्प्युटर, हा आमचा नेम. पूजेला माझी बायको मंदा येते, कारण मला आरती अर्धीच पाठ आहे. तिचं ताट टेबलावर होतं. कुंकू लाल, दुरून दिसतं, फुकट! सहा म्हाताऱ्यांच्या कपाळावर मी पटापट बोट ओढलं आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होत नारळ आणायला गेलो. मंदाला काही सांगितलं नाही. (तिला काय कळतं कॉम्प्युटरमधलं?) परत आलो तोवर सगळ्यांवर झेंडूच्या माळा पडल्या होत्या. माळांखाली कोण बघतो.

रविवारी आम्ही दोघं धान कापायला शेतात. लॅबची किल्ली चपराशाकडे दिली होती, तरी जिवाला चैन नव्हतं. आमच्या शेतात रेंज फक्त बांधावर, म्हणून मी दर दहा मिनिटांनी विळा घेऊन बांधावर.

"कापून राहिले का फिरून राहिले?" मंदा म्हणाली.

शेवटी फोन लागला. "सर, हो गया," सलीमभाई म्हणाले. "दसों लाद दिये."

"दसों? छह बोला था ना?"

"तिलक तो दसों पे था, सर." आणि रेंज गेली.

मी मंदाकडे वळलो. "तू कॉम्प्युटरला टिळे लावले?"

"लावले ना जी. तुम्ही सहालेच लावून गेले. बाकीच्या चौघानं काय घोडं मारलं होतं?"

मी मोटरसायकल काढली. शाळा रिकामी, गाडी नुकतीच सालेकशाकडे गेलेली. वाटभर डोक्यात एकच, चेतनाचं वर्ष जाईल आणि ते तिच्या बापाने घालवलेलं असेल. रेल्वे फाटकाशी सलीमभाईंचा छोटा हत्ती टेम्पो उभा दिसला. मालगाडी जाऊन राहिली होती, संपता संपेना, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला बंद फाटकाचा आनंद झाला. मी धावत सुटलो तशी माणसं भराभर बाजूला झाली. का, ते नंतर कळलं. हातात विळा तसाच होता.

"सलीमभाई, साफ तो नहीं किया ना?"

"साफ करके ही लादे हैं, सर," ते विळ्याकडे बघत म्हणाले. "आपने ही तो बोला था."

चार कॉम्प्युटर परत उतरवले. सलीमभाईंनी सात नंबरात त्याच संध्याकाळी नवी विंडोज टाकली, आणि तो कोराकरकरीत कॉम्प्युटर हेडबाईंच्या परवानगीने आमच्या घरी आला. नशीब, पोरांनी हाताने लिहिलेले कागद कपाटात होते. मंदा मोठ्याने नावं वाचायची, मी टाईप करायचो, चेतना माझ्या चुका काढायची. माझा जीव घड्याळात. शुक्रवारी सदतीस झाले.

"माझा मीच भरते, बाबा," चेतना म्हणाली. "तुम्ही हात नका लावू."

मी खुर्ची सोडली. वाईट वाटलं, पण खरं सांगतो, हायसंही वाटलं. शनिवारी दुपारी अडतीसही फॉर्म गेले.

पुढच्या वर्षी पुन्हा खंडेनवमी. मंदाने चारही कॉम्प्युटरला टिळे लावले आणि मग कुंकवाचं बोट घेऊन माझ्याकडे वळली. मी दोन पावलं मागे सरलो.

"काऊन जी? शुभ असते."

"नको," मी म्हणालो. "सलीमभाई बाहेर गाडी घेऊन उभे आहेत."