टिंब म्हणाले, चांदणी होती

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही अण्णांना ओळखत नव्हता. त्यांना ओळखणाऱ्या कुणाला सांगायची हिंमत माझ्यात अजून आलेली नाही.

अण्णा म्हणजे माझे सासरे. कल्याणच्या एका कारखान्यात तीस वर्षं लेथवर काम केलेले. आम्ही डोंबिवलीत राहायचो, दोन खोल्यांत. रिटायर झाल्यावर त्यांनी नाणी जमवायला घेतली — राजेरजवाड्यांची नव्हे हो, रोजच्या वापरातली चिल्लर. त्यांना तिच्यातले प्रकार हवे असायचे. पंचवीस पैसे तेव्हा दोन धातूंचे मिळायचे. जुने तांबं-निकेलचे आणि नवे, गेंड्याचं चित्र असलेले, स्टीलचे. स्टीलचं नाणं लोहचुंबकाला चिकटतं, दुसरं चिकटत नाही. पण अण्णांना चुंबक लागायचंच नाही. नाणं फरशीवर टाकलं की नुसत्या आवाजावरून सांगायचे.

अडायचं ते खुणेपाशी. सालाच्या खाली एक बारीक खूण असते, नाणं कुठल्या टांकसाळीतलं त्याची. चौकट म्हणजे मुंबई, चांदणी म्हणजे हैदराबाद, टिंब म्हणजे नोएडा. काहीच नसेल तर कलकत्ता. अण्णांना काचबिंदू होता, ती खूण भिंगातूनही दिसेना. मग रोज दुपारी माझी भांडी आवरली की हाक यायची, "सुनंदा, जरा बघतेस का?" मी बघून सांगायची आणि ते कागदी पाकिटावर जाड पेनाने लिहायचे — धातू, साल, खूण.

सुरुवातीला मी नीट बघितलं. मग — कसं सांगू? पाठ टेकायला तेवढाच एक तास मिळायचा मला. नाही म्हणता आलं नसतं का? आलं असतं. अण्णा रागावणाऱ्यातले नव्हते. पण मी नाही म्हटलं नाही. मी न बघताच सांगायला लागले. भिंग डोळ्याशी धरायचं, डोळे मिटायचे आणि म्हणायचं — टिंब. चौकट. टिंब. "वा, नोएडाचं मिळालं," असं म्हणत ते खुशीत पाकीट बंद करायचे. दोन वर्षं हे चाललं.

मग ठाण्याला, नौपाड्यात एका हॉलमध्ये नाणी जमवणाऱ्यांचं प्रदर्शन भरलं. अण्णांना एक टेबल मिळालेलं. आम्ही तिघं गेलो — ते, माझा नवरा आणि मी. दुपारी एक गृहस्थ भिंग घेऊन आले. "काका, ह्याच्याखाली चांदणी आहे. तुम्ही टिंब लिहिलंय." मग दुसरं नाणं. मग तिसरं. माणसं जमायला लागली.

अण्णा माझ्याकडे वळले. "सुनंदा, तू टिंब म्हणालेलीस ना गं?"

आवाजात रागाचा लवलेश नव्हता. नुसतं विचारत होते. हो म्हटलं असतं तर काय झालं असतं? चार लोकांत थोडी लाज वाटली असती, बस. मी म्हटलं, "नाही अण्णा, मी चांदणीच म्हणालेले. हल्ली तुमच्या लक्षात राहत नाही."

त्यांनी ते पाकीट हातात घेऊन पाहिलं. मग म्हणाले, "असेल. वय झालं." आणि पाकिटं गोळा करायला लागले. आवाजावरून स्वतः ओळखून लिहिलेला धातू एकाही पाकिटावर चुकलेला नव्हता. विसरभोळ्या माणसाला हे जमतं का? त्या हॉलमध्ये हे फक्त मला कळत होतं.

त्यानंतर त्यांनी एकही नाणं हातात घेतलं नाही. नवऱ्याने काळजीपोटी बँकेची कामं स्वतःकडे घेतली, अण्णांना एकट्याने बाजारात पाठवणं बंद केलं. अण्णांनी सगळं मान्य केलं. जेवून उठले की विचारायचे, "सुनंदा, मी गोळी घेतली ना?" घेतलेली असायची. त्यांना ते आठवतही असायचं — चेहऱ्यावर दिसायचं. पण स्वतःच्या आठवणीवर त्यांचा विश्वास उरला नव्हता, म्हणून माझ्याकडून खात्री करून घ्यायचे. माझ्याकडून!

चार वर्षं ते असे जगले. मी रोज एकाच घरात त्यांच्यासोबत होते. एका वाक्याचं काम होतं. केलं नाही.

अण्णांचा विषय निघाला की नवरा आजही म्हणतो, "शेवटी शेवटी डोकं चालत नव्हतं त्यांचं."

मी "हो" म्हणते.