आप्पांनी दुरुस्त करून घेतलेली एक ओळ

आदरणीय नरोत्तम आप्पांच्या अमृतमहोत्सवी ग्रंथासाठी लेख द्या, असं समितीनं कळवलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं होतं. आप्पांना गुरुस्थानी मानणारे सुभेदार आणि हवालदार जिल्हाभर आहेत आणि मी सैन्यात एक दिवसही काढलेला नाही. मी तळोद्याजवळच्या एका शाळेत शिकवते. मात्र आप्पांकडे येणाऱ्या माजी सैनिकांची निवेदनं मराठीत लिहून काढण्याचं काम गेली काही वर्षं माझ्याकडे आहे, आणि आप्पांची बोलणी खाणाऱ्यांत माझा नंबर बराच वरचा आहे. तेवढ्या अधिकारावर लिहिते.

पहिली भेट झाली ती प्रकाशा गावी, त्यांच्या घराच्या ओट्यावर. माझे यजमान संतोष सैन्यात वाहनचालक होते. आजारी म्हणून मुदतीआधीच त्यांना घरी पाठवलं, त्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती. हातापायांनी माणूस धडधाकट. पण झोप नव्हती, मागून कुणी हाक मारली तरी दचकायचे, एकटे कुठे जात नसत आणि घाटात वर्षानुवर्षं ट्रक चालवलेले हात मोटारसायकलच्या किल्लीलाही लागत नव्हते. अपंगत्व पेन्शनचा अर्ज नामंजूर होऊन आला होता. गोळी तर लागली नाही, मग पेन्शन कसली, असं गावात लोक म्हणत. सासूबाईंचं निदान वेगळं होतं. "लगीन व्हयनं अनि पोऱ्या बिघडना," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. मी आत पोळ्या लाटत ते ऐकत असे.

आप्पा स्वतः सैन्यातले निवृत्त क्लार्क. "मी बंदूक कमी अनि टाइपरायटर जास्त चालाडं," असं ते कुणीही विचारायच्या आधीच सांगून टाकतात. केळीची आणि उसाची शेती मुलांच्या हवाली करून त्यांनी हा कागदांचा उद्योग मागे लावून घेतला. त्या दिवशी त्यांनी आमची फाइल शेवटच्या पानापासून उलटी वाचत आणली आणि एका कागदावर बोट ठेवून विचारलं, "हाऊ कागद घरमा कोनी वाचेल शे का?"

कुणीच वाचला नव्हता. मेडिकल बोर्डाचा तो इंग्रजी कागद. सातवीला इंग्रजी शिकवणारी मी, पण नवऱ्याची फाइल उघडून बघायचं मला सुचलं नव्हतं. आजही ते आठवलं की लाज वाटते. आप्पांनी एक ओळ मराठीत सांगितली. आईचं आजारपण आणि घरची चिंता यांतून हा आजार उद्भवला आहे, त्याचा सेवेशी संबंध नाही.

माझं डोकं तापलं. सासूबाई मला दोष देत होत्या ते एक वेळ सोडा, पण आता सरकारनंही शिक्का मारून घरालाच दोष दिला होता! "आप्पा, हे लिहिलं कुणी?" मी जवळजवळ ओरडलेच. आप्पा शांतपणे म्हणाले, "लिखं डॉक्टरनी, माय. पन सांगनारा हाऊच व्हता." यजमानांनी मान खाली घालून होकार दिला.

घरी आल्यावर मी गप्प बसायला हवं होतं. पण बसले नाही. सासूबाईंनी नेहमीचं पालुपद सुरू करताच मी म्हटलं, "कागदावर तर आधी तुमचंच दुखणं लिहिलंय." त्या एकदम थांबल्या. त्यानंतर त्यांनी माझ्या लग्नाचा विषय कधीच काढला नाही आणि मी मनात म्हटलं, जिंकले.

आप्पांची पहिली अट औषधाची. नंदुरबारला मनोविकारांच्या डॉक्टरांकडे उपचार सुरू केल्याशिवाय ते अर्जाला हात लावत नाहीत. कुणी भगताकडे जातो म्हणाला तर अडवत नाहीत, "जाय, पन गोळी चुकाडू नको," एवढंच बजावतात. "वेडा" हा शब्द त्यांच्या ओट्यावर चालत नाही. एकदा त्यांच्या सख्ख्या मेहुण्यांनी एका माजी जवानाला हसत तसं म्हटलं. आप्पांनी मेहुण्यांच्या हातातला चहाचा कप काढून घेतला आणि त्यांना घरी पाठवलं. त्यावरून पुढे घरातल्या लग्नात मानपानाचा घोळ झाला, तो आप्पांनी मुकाट्यानं निस्तरला.

दुसरी अट अवघड होती. माणसानं स्वतः सांगायचं. आमच्या घरात एवढंच ठाऊक होतं की डोंगरातल्या रस्त्यावर पुढची गाडी दरीत गेली आणि चार जवान वारले. यजमान त्यापुढे एक शब्द बोलत नसत. महिने चालले होते आणि कागद कोराच होता. तेवढ्यात एका ओळखीच्या गृहस्थांनी अक्कल शिकवली की सीमेवर गोळीबार झाला असं टाका, लगेच काम होईल. मला ते पटलं, खोटं कशाला सांगू? मी आप्पांना म्हटलं, "एक ओळ घातली तर काय बिघडतं?"

आप्पांनी फाइल बांधली आणि माझ्या मांडीवर ठेवली. "माय, तू शाळामा पोरेस्ले काय शिकाडस?" मी वाद घालणार तोच ते म्हणाले, "त्या चार जन गोळीनी नही मरनात. म्हनीसन त्या कमी मरनात का?"

मी फणकाऱ्यानं उठले. इतक्या तत्त्वाच्या माणसाला आपल्या संसाराचं काय पडलंय, असं वाटेभर बडबडत राहिले. यजमान शेजारीच ऐकत होते. त्याच आठवड्यात एका सकाळी ते दिसेनात. मी शाळेतून धावत आले, विहिरीपर्यंत जाऊन बघितलं. दुपारी आप्पांचा फोन आला, "तुना मालक आठे बशेल शे. जेवना बी." सैन्यातून परतल्यापासून पहिल्यांदा ते एकटे एसटीत बसून प्रकाशाला गेले होते.

त्या दिवशी त्यांनी जे सांगितलं ते नंतर त्यांच्या परवानगीनं मीच लिहून काढलं. माझं पहिलं निवेदन तेच. रेशनच्या गाड्यांचा ताफा होता. पुढची गाडी डोळ्यांदेखत खाली गेली. हे आणि आणखी दोघे दोर धरून उतरले आणि दिवसभर त्या चौघांना वर आणत राहिले. दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यावर, त्याच वळणावरून ह्यांना गाडी न्यायची होती. नेली. पुढे कित्येक महिने नेत राहिले. मग हात कापायला लागले. बोर्डासमोर विचारलं, घरी काही त्रास आहे का? ड्रायव्हरला गाडीची भीती वाटते असं साहेबांसमोर कोणत्या तोंडानं सांगायचं? आईचं आजारपण सांगण्यात कमीपणा नव्हता. म्हणून "हो" म्हटलं.

असं "हो" म्हणणारे आपल्या भागात किती आहेत ते आप्पांना चांगलं माहीत आहे. एकदा तळोद्याहून जीपनं डोंगरातल्या एका पाड्यावर आम्ही गेलो. तिथले माजी शिपाई पावरी बोलणारे आणि आप्पांना पावरीची चार वाक्यंही येत नाहीत. ते त्या गृहस्थांबरोबर मोहाच्या झाडाखाली बसून राहिले. दुपार टळली तरी कागद बाहेर काढला नाही. मी घड्याळाकडे बघितलं तर माझ्यावरच डोळे वटारले. निघताना त्या गृहस्थांनी आपण होऊन विचारलं, पुन्हा कधी येणार? पुढच्या खेपेला दुभाषा घेऊन गेलो आणि त्यांचं निवेदन एका बैठकीत पूर्ण झालं.

आमच्या अर्जासाठी आप्पांनी अपघाताची नोंद मागवली. दरीत उतरलेल्या त्या दोघांपैकी एकाला शोधून त्याचं पत्र मिळवलं. भरतीच्या वेळचा, काहीही आजार नसल्याचा तपासणी अहवाल सगळ्यांत वर लावला. "घेतांना नखापासून शेंडीपर्यंत तपासं, मंग घरनी चिंता कोठून उनी?" हा त्यांचा आवडता सवाल. पहिलं अपील फेटाळलं गेलं तेव्हा मी रडकुंडीला आले आणि आप्पांनी त्याच बैठकीत पुढच्या अपिलाचा मसुदा सांगायला घेतला. शेवटी फेरतपासणीचा आदेश झाला. नव्या बोर्डासमोर यजमान एकटेच आत गेले. "हाई घरमाईन नही उनं, साहेब," असं म्हणायचं त्यांनी आप्पांच्या ओट्यावर कितीदा तरी घोकलं होतं. आत गेल्यावर हे दुखणं घरातून आलेलं नाही, असं ते हिंदीत म्हणाले आणि मग त्या वळणाविषयी सगळं सांगितलं.

निकाल आला. आजार सेवेमुळे उद्भवला आहे, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. मी तो ओसरीवर मोठ्यानं वाचला. सासूबाई शेंगा निवडत होत्या. त्यांनी ती ओळ मला पुन्हा वाचायला लावली, मग अहिराणीत सांगायला लावली.

"म्हंजे तुन्हामुळे नही," त्या म्हणाल्या.

"नाही."

"अनि मन्हामुळे बी नही?"

त्या वेळी मला कळलं. मी जिंकले असं समजत होते तेव्हापासून ही बाई रोज, न बोलता, आपल्या दुखण्यानं मुलगा बिघडला असं धरून बसली होती. ते ओझं मीच तिच्या डोक्यावर ठेवलं होतं. मी त्यांच्या पायांशी बसले आणि म्हटलं, "तुमच्यामुळेही नाही. मी चुकले, माय." आम्ही दोघी खूप रडलो. यजमान आले, त्यांनी आमच्याकडे बघितलं आणि उरलेल्या शेंगा ते निवडायला लागले.

आप्पांनी आमच्या घरातल्या दोन बायकांची सुटका केली, हे त्यांना आजवर कुणी सांगितलेलं नाही. या ग्रंथात ते छापून येईल आणि ते माझ्यावर रागावतील. रागावू देत. अजून कितीतरी घरांत नवऱ्याच्या, मुलाच्या आजाराचं कारण आपणच, असं समजून बायका गप्प बसल्या आहेत. त्यांच्यासाठी आप्पांनी चहातली साखर सोडावी, डोळ्यांचं ऑपरेशन पुढं ढकलू नये आणि ठणठणीत राहून शंभरी गाठावी, ही माझी प्रार्थना आणि, हक्कानं सांगायचं तर, ताकीद आहे.

हे लिहीत होते तेव्हा सासूबाई शेजारी येऊन बसल्या. कुणासाठी लिहितेस ते विचारलं आणि म्हणाल्या, "त्यास्ले लिख, मन्ही उरेल उमर त्यास्ले लागो."

मी म्हटलं, "असं नको. तुम्हीही आम्हाला हव्यात."

"मंग त्या बी अनि मी बी, आम्ही दोन्ही ऱ्हासूत," त्या म्हणाल्या. "लिख."